सोबत आणि चाल

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि पुढे यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा आखीत वाहते. तिच्या उत्तर तीरावर उमरखेड तालुक्यातील सागाचे रान आहे, दक्षिण तीरावर नांदेड जिल्हा. या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, काळ्या खडकावरून अनेक धारांनी ती खाली उडी घेते, त्या जागेला सहस्रकुंड म्हणतात. २००९ सालापासून पुढे कित्येक वर्षे, नाताळ आणि तीन राजांचा सण आटोपला की आम्ही व आमचा एक जुना सोबती नदीच्या काठाकाठाने, गावरस्त्यांनी आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी तीन दिवस पायी चालत सहस्रकुंडापर्यंत जात असू. हा सोबती गुरुविद्यालयातील आमचा सहाध्यायी. दुसऱ्या वर्षाअखेरीस त्याने गुरुविद्यालय सोडले, शाळामास्तर झाला, संसारात रमला. वाटा वेगळ्या झाल्या तरी स्नेह तुटला नाही. त्या स्नेहातून आणि त्या पायपिटीतून आमच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो आज वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. दोघेजण एकाच वाटेने निघाले, परंतु प्रत्येक जण आपापल्या चालीने चालला, तर ते दोघे सोबत आहेत असे म्हणता येईल काय? आणि येत असेल, तर कोणाचे कोणाला काय देणे लागते?

प्रथम चालीविषयी. आमची चाल झपाट्याची. पाय रस्त्याला लागले की मुक्काम दिसेपर्यंत थांबणे जिवावर येते. सोबत्याची चाल संथ. तो पळसाखाली थांबेल, पाखराचा आवाज कोठून येतो ते पाहील, बांधावर बसलेल्या शेतकऱ्यापाशी पऱ्हाटीची आणि कापसाच्या भावाची चौकशी करील, तांड्यावरच्या म्हातारीने दिलेला कोरा चहा बसून सावकाश पिईल. पहिल्या वर्षी आम्ही हट्टाने बरोबरीने चाललो. स्नेही म्हटले की खांद्याला खांदा लावून चालायचे, अशी आमची समजूत. परिणाम असा झाला की आमचे पाय अडखळले आणि त्याचा दम गेला. वाट पाहण्यात आमचा संयम खर्ची पडू लागला आणि आम्ही वाट पाहत आहोत या जाणिवेने त्याचे पाहणे नासले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्यापाशी शब्दाने शब्द वाढला. तिसऱ्या दिवशी सहस्रकुंडाचा गंभीर घोष ऐकत आम्ही उभयता एकाच खडकावर बसलो होतो, पण एकमेकांशी बोलत नव्हतो.

पुढल्या वर्षी निघण्यापूर्वी आम्ही एक करार केला. प्रत्येकाने आपापल्या चालीने चालावे. पाण्याची बाटली आणि शिदोरी प्रत्येकाची स्वतंत्र असावी. जेथे वाट फुटेल तेथे पुढे असलेल्याने थांबावे आणि मागचा डोळ्यांना दिसल्यावाचून हलू नये. आणि दिवस मावळण्याच्या तासभर आधी दोघांनी ठरलेल्या मुक्कामी एकत्र यावे, कारण त्या रानात अस्वले आहेत. करार साधा होता, पण त्याने आमची मैत्री तारली. दिवसभर एकांत मिळे. चालता चालता जपमाळ होई, वर्षभरातील माणसे आणि त्यांची दुःखे एकेक करून मनापुढून जात. संध्याकाळी एखाद्या शाळेच्या ओसरीत किंवा मंदिराच्या पडवीत चूल पेटे, आणि मग तो त्याची वाट सांगे, आम्ही आमची सांगत असू. वाट एकच, पण त्याने पाहिलेले आम्ही पाहिलेले नसे. खांद्याला खांदा लावून चाललो असतो तर दोघांची मिळून एकच वाट झाली असती. आता तिच्या दोन झाल्या.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेलगत, सरोवरांचा आणि रानांचा मोठा प्रदेश आहे. तेथे लोक आठ-आठ दिवस लहानशा होड्यांतून प्रवास करतात, आणि दोन सरोवरांच्या मध्ये जमीन आली की होडी डोक्यावर घेऊन चालतात. काही स्नेही एकाच होडीत न बसता प्रत्येकी एक होडी घेतात आणि दिवसभर आपापल्या गतीने वल्हवून संध्याकाळी ठरल्या तळावर भेटतात, असे आमच्या वाचनात आले तेव्हा आपला करार सातासमुद्रापलीकडेही कोणाला सुचला आहे याचे समाधान वाटले. त्याच देशातील हेन्री डेव्हिड थोरो या विचारवंताने तर १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'वॉल्डन' या ग्रंथात स्पष्टच म्हटले आहे की, एकटा जाणारा आजच निघू शकतो, दुसऱ्याबरोबर जाणाऱ्याला मात्र तो तयार होईपर्यंत खोळंबावे लागते. या विचाराचा आम्हांला पुष्कळ दिवस आधार वाटत असे. थोरोविषयीची दुसरी गोष्ट आम्हांला पुढे कळली. १८३९ साली तो आपला थोरला भाऊ जॉन याच्यासह एका होडीतून काँकर्ड आणि मेरिमॅक या नद्यांच्या प्रवासास गेला होता. १८४२ साली जॉन धनुर्वाताने वारला. आणि १८४५ साली तळ्याकाठच्या झोपडीत एकटा राहावयास गेलेल्या थोरोने त्या एकांतात जे पुस्तक लिहावयास घेतले, ते भावासोबतच्या त्या होडीतल्या प्रवासाचे. एकांताचा एवढा मोठा पुरस्कर्ता आपला एकांत घेऊन बसला, तो सोबत्याची आठवण काढीत.

आमच्या कराराविरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते बोलणारे सामान्य नव्हेत. महाराष्ट्राला चालण्याची सोबत कोणी शिकविली असेल, तर ती पंढरीच्या वारीने. दिंडीत माणूस आपल्या चालीने चालत नाही, टाळांच्या ठेक्याने चालतो. म्हातारी आजी आणि तिचा धट्टाकट्टा नातू एकाच ओळीत पावले टाकतात. आपली चाल विसरणे हाच तेथे भक्तीचा भाग असतो. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीला दोन प्रकरणे वाहिली आहेत, आणि त्यांत एकत्र राहणे, दिवस एकत्र घालविणे हे मित्रांचे मुख्य लक्षण मानले आहे. फार दिवस एकत्र मीठ खाल्ल्यावाचून माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ही त्याच्या काळची म्हणही त्याने नोंदविली आहे. मग दिवसभर कोसभराचे अंतर राखून चालणाऱ्या आमच्या सोबतीला मैत्री म्हणावे, की दोन एकटेपणांनी आपल्या सोयीसाठी केलेला व्यवहार?

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. मैत्री पावलांची नसते, मनाची असते, असे आम्ही म्हणत असू. प्रवचनात शोभावे असेच हे उत्तर आहे. २०१७ सालच्या जानेवारीत ते अपुरे ठरले.

सोबत्याला त्या सुमारास मधुमेहाची औषधे सुरू होऊन वर्ष झाले होते. ही गोष्ट आम्हांला ठाऊक होती, आणि ती ठाऊक असूनही आम्ही कराराचे एक कलमही बदलले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास एका मोहाच्या झाडापाशी वाट फुटली. एक फाटा गावाकडे, दुसरा नदीकडे. कराराप्रमाणे आम्ही तेथे थांबावयास हवे होते. थांबलोही, पाऊण तास. ऊन वाढले होते, आणि नदीकडून गार वारा येत होता. आम्ही मनाशी म्हटले, त्याला वाट ठाऊक आहे, इतकी वर्षे तो कधी चुकला नाही, त्याच्या संथपणाला आपण का बांधून घ्यावे? चार दगड मांडून नदीच्या दिशेने बाण केला आणि आम्ही पुढे निघालो. नदीकाठी करंजाच्या सावलीत बसून दुपारची प्रार्थना म्हटली. ती दुपार फार सुंदर होती हे आम्ही लपवीत नाही. समोर डोहात एक कोळी डोंगा हळूहळू सरकवीत जाळे टाकीत होता. इतकी शांती आम्हांला वर्षभरात लाभली नव्हती.

चारच्या सुमारास दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा धावत आला. "साहेब, तुमच्या संगतच्या मास्तरले घेरी आली. माहा बाप त्यायच्यापाशी बसला हाये."

आम्ही मागे धावलो. मोहाच्या झाडाच्या अलीकडे, म्हणजे आम्ही थांबून राहिलो असतो तर हाक ऐकू यावी इतक्या अंतरावर, सोबती एका झुडुपाच्या सावलीत पडला होता. रक्तातील साखर उतरून त्याला घाम सुटला होता, हातपाय थरथरू लागले होते आणि तो तेथेच खाली बसला होता. शेळ्या चारणाऱ्या एका गुराख्याने त्याला पाहिले, आपल्या फडक्यातला गूळ त्याला भरविला, शेळीचे दूध काढून पाजले आणि मुलाला आमच्या शोधात पिटाळले. त्याच्या शेळ्या तोवर दूर कोठेतरी पांगल्या होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा सोबती उठून बसला होता, शुद्धीवर होता, आणि आम्हांला पाहून ओशाळल्यासारखा हसला. गुराख्याने मात्र आमच्याकडे नवलाने पाहिले आणि विचारले, "तुमी दोघं संगच आल्ते ना?"

त्या विचारण्यात रोष नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते. आम्ही 'होय' म्हटले, आणि तो शब्द उच्चारताना जीभ जड झाली. लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आम्ही किती वेळा समजावून सांगितली असेल याची गणती नाही. त्या गोष्टीत एक याजकही आहे आणि तो पुढे निघून जातो, हे आम्हांला त्या दिवशी कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

नंतरच्या काळात आम्ही या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. पहिली भावना अशी की करारच चुकीचा होता, आणि यापुढे बरोबरीनेच चालावयाचे. परंतु पश्चात्तापाच्या भरात माणूस ज्या वस्तूचा दोष नसतो तिलाही फेकून देतो. नीट पाहिले तर आपापल्या चालीने चालणे हा आमचा अपराध नव्हता. अपराध दोन होते. फाट्यावर थांबण्याचा शब्द आम्ही मोडला हा एक. आणि सोबत्याची प्रकृती बदलली तरी शब्द तोच ठेवला, हा दुसरा. यांतला दुसरा अधिक सूक्ष्म आहे आणि अधिक घातकही, कारण त्यात कोणताही नियम मोडल्याची टोचणी लागत नाही. जो करार दोन धडधाकट माणसांना स्वातंत्र्य देत होता, तोच एक आजारी आणि एक निरोगी अशा दोघांत निरोग्यालाच स्वातंत्र्य आणि आजाऱ्याला एकटेपण देऊ लागला होता.

आपापली चाल हा सर्व काळी आणि सर्व ठिकाणी माणसाचा हक्क ठरत नाही, हे आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. २०१८ साली राळेगाव आणि पांढरकवडा परिसरात नरभक्षक ठरविल्या गेलेल्या वाघिणीची दहशत होती. २ नोव्हेंबरच्या रात्री ती मारली गेली, तोवर शेतावर एकटे जाण्याचा धीर कोणाला होत नसे. लोक टोळीटोळीने जात. अशा टोळीची चाल तिच्यातील सर्वांत मंद माणसाची चाल असते, असावी लागते. जो पुढे निघून जाईल तो स्वतःलाही गमावील आणि मागच्यालाही. संकट दारात असेल तेव्हा दिंडीसारखे चालावे, मोकळीक असेल तेव्हा आपापल्या पावलांनी. कोणती वेळ कोणती, हे ओळखणे हाच विवेक.

त्याच पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये आपले जन्मस्थान सोडून निघाला. त्याच्या गळ्यात वनखात्याने संपर्कयंत्र बांधले होते, म्हणून त्याचे प्रत्येक पाऊल नोंदले गेले. तेलंगणातून आणि महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून, शेते, रस्ते, नद्या ओलांडीत, तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला. एकंदर ३००० किलोमीटरांहून अधिक तो चालला, आणि लोकांनी कौतुकाने त्याला 'वॉकर' हे नाव दिले. आम्हांलाही त्याचे कौतुक वाटले. पण हेही मनात आले की त्या वाघाला कोणत्याही फाट्यावर कोणासाठी थांबावयाचे नव्हते. भावंडे मागे राहिली याचा त्याच्यावर दोष नाही. वाघाची मोकळीक तशीच असते. माणसाच्या मोकळिकीला मात्र कोणाला तरी दिलेला शब्द चिकटलेला असतो, आणि तो सोडवून घेतला तर तिला मोकळीक हे नाव उरत नाही.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाचे दोन प्रसंग आहेत, आणि दोन्ही आम्हांला त्या नदीकाठानंतर नव्याने वाचावे लागले. उत्पत्तीच्या पुस्तकात तेहतिसाव्या अध्यायात, वीस वर्षांच्या ताटातुटीनंतर याकोब आणि एसाव हे भाऊ भेटतात, गळ्यात पडून रडतात. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबरच जाऊ. याकोब म्हणतो, माझी मुले कोवळी आहेत, गुरे दुभती आहेत, एक दिवस जरी त्यांना जास्त पिटाळले तरी ती मरतील. तू पुढे हो, मी मुलांच्या आणि गुरांच्या चालीने मागाहून सेईरला येतो. किती समंजस उत्तर! पण पुढची ओळ वाचावी. एसाव सेईरला गेला, आणि याकोब सुक्कोथला गेला. तेथे त्याने घर बांधले. 'मी माझ्या चालीने येतो' हे शब्द कधी कधी 'मी येणार नाही' याचेच सभ्य रूप असतात. दोघांत वेगळी चाल असू शकते. पण मुक्काम एक असावा लागतो, आणि तो खरोखरच एक असावा लागतो.

दुसरा प्रसंग योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला. कबर रिकामी असल्याचे ऐकून पेत्र आणि दुसरा शिष्य, ज्याला परंपरा योहान मानते, असे दोघे धावत निघतात. दुसरा शिष्य पेत्राहून जलद धावतो आणि आधी पोहोचतो. शुभवर्तमानकार त्याला या वेगाबद्दल दोष देत नाही. अशा सकाळी मागच्याच्या चालीने धावावे, अशी अपेक्षा कोण करील? तो ओणवा होऊन आत पाहतो, तागाची वस्त्रे त्याला दिसतात, पण तो आत जात नाही. पेत्र मागून येऊन आत जातो, त्यानंतर हा. वाटेत तो थांबला नाही, उंबरठ्यावर मात्र थांबला. आमच्या कराराचे तिसरे कलम याहून वेगळे नव्हते.

दिलेला शब्द हलका नसतो, याचा एक दाखला ख्रिस्तसभेच्या इतिहासातही आहे. चौथ्या शतकात संत बेझिल आणि संत ग्रेगरी नाझियान्झेन हे दोघे अथेन्समध्ये विद्यार्थी असताना जिवलग मित्र झाले. घरी परतावयाचे ते दोघांनी मिळून, असे ठरले होते. प्रत्यक्षात बेझिल निघून गेला आणि ग्रेगरी मागे राहिला. दोघेही पुढे महागुरू झाले, ख्रिस्तसभेचे आचार्य झाले. ३७९ साली बेझिलने देह ठेवला, आणि ग्रेगरीने त्याच्या गौरवार्थ केलेल्या दीर्घ भाषणात त्या जुन्या विरहाची सल बोलून दाखविली. संतांनाही जे इतकी वर्षे विसरता आले नाही, ते आपल्या घरातील माणूस विसरून जाईल असे आपण समजू नये.

आणि खरे पाहता हा प्रश्न नदीकाठचा नाहीच, घराघरांतला आहे. धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देताना तो आम्हांला वारंवार दिसतो. एक भाऊ शिकून पुण्याला गेला, दुसरा कोरडवाहू शेतीत राहिला. पत्नी प्रार्थनेत रमते, पतीला मिस्साबलिदानाला येण्यास कोणी तरी हाताला धरावे लागते. थोरली मुलगी वर्गात पहिली येते, धाकट्याला पाढे पाठ होत नाहीत, आणि आईबाप त्याला बहिणीच्या चालीने ओढू पाहतात. सर्वांनी एकाच चालीने चालावे हा आग्रह प्रेमापोटी असतो हे खरे. तरी त्याने मुले अडखळतात आणि मोठ्यांचा दम जातो. उलट, ज्याने त्याने आपापले पाहावे म्हणून मोकळे होणारेही आम्ही पाहिले आहेत. त्यांची मुलेही गुणी असतात, घर नीटनेटके असते, आणि म्हातारा बाप दिवसभर ओसरीत बसून वाटेकडे पाहत असतो. तो काही मागत नाही. त्याला वाट ठाऊक आहे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते, जसे आम्ही धरले होते.

पुढे चालणाऱ्याने आपला वेग सोडावा असे आम्ही सांगणार नाही. त्याने फाटे ओळखावेत. आजारपण हा एक फाटा आहे. नोकरी गेली, पीक बुडाले, घरातले माणूस गेले, मुलगा पहिल्यांदा नापास झाला, हेही फाटेच. अशा जागी दगडांचा बाण करून भागत नाही, पैसे पाठवून आणि निरोप धाडून भागत नाही. मागचा डोळ्यांना दिसेपर्यंत तेथे उभे राहावे लागते, ऊन असले तरी.

त्या संध्याकाळी आम्ही उभयता गुराख्याच्या घरी राहिलो. त्याच्या बायकोने ज्वारीच्या भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली. पांगलेल्या शेळ्यांपैकी एक रात्रीपर्यंत सापडली नव्हती. ती सकाळी सापडली, तेव्हा कोठे आम्ही निघालो. तिची किंमत देऊ केली असती तर त्याने ती घेतली नसती, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते, म्हणून आम्ही गप्प राहिलो. नंतर सोबत्यापाशी आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, "अरे, मीही तुला सांगायला हवं होतं की हल्ली मला एकटं चालायची भीती वाटते. मला वाटलं, तुझा एकांत मोडेल." दोघांनीही एकमेकांची चाल जपली होती, आणि ज्या एका गोष्टीविषयी बोलावयाचे तिच्याविषयी कोणीच बोलले नव्हते.

आता त्याचे गुडघे धरतात आणि सहस्रकुंडापर्यंत पायी जाणे त्याला जमत नाही. जानेवारीत आम्ही एस. टी. ने नदीजवळच्या गावापर्यंत जातो आणि कोसभर चालतो. अजूनही आम्ही पुढे असतो, तो मागे. तो थांबून पाखरे पाहतो. मोहाचे झाड आले की आम्ही थांबतो, पाठ वळवून वाटेकडे तोंड करतो, आणि तो वळणावर दिसेपर्यंत तेथून हलत नाही.